खांबांच्या घरातली माणसं

टिटवाळ्याच्या एका शेतकऱ्याने घर बांधायला काढलं आणि आर्किटेक्ट म्हणून माझं पहिलंच काम मला मिळालं. "पुढे उंच गोल खांब पाहिजेत, जुन्या कोर्टाला असतात तसे," एवढीच त्याची अट. असे खांब मी कॉलेजात हौसेने शिकलेले, पण ते कोणी खरंच मागेल असं वाटलं नव्हतं. डोंबिवलीला घरी येताच मी कागद पसरला. चार खांब, वर त्रिकोणी माथा, मधोमध रुंद पायऱ्या. हात थांबतच नव्हता.

ड्रॉइंग दाखवायला गेले तेव्हा सगळं घर भोवती जमलं. उंचीचा अंदाज यावा म्हणून मी पायरीवर एक माणूस काढला होता. शेतकऱ्याच्या आईने त्याच्यावर बोट ठेवलं.

"यो कोन?"

"कोणी नाही, आजी. नुसता अंदाजासाठी."

"घर माजा हाय. मंग मना उबी कर."

मी तो माणूस खोडून नऊवारीतल्या आजी काढल्या. मग सुनेला गॅलरीत उभं राहायचं होतं, नातीला खांबाआड. शेवटी शेतकरी हळूच म्हणाला, "मॅडम, मलाही काढा ना."

मंजुरीसाठी मला सगळं ड्रॉइंग नव्याने काढावं लागलं. पहिलं त्यांनी परत दिलंच नाही.