न जुळणारा रिपोर्ट आणि गुरुजींची वही

"ताई, आमचे निम्मे गुरुजी गायब आहेत."

सोमवारी सकाळी श्रीकांतरावांनी फोनवर नमस्कार-चमत्कार न करता एवढंच सांगितलं. श्रीकांतराव म्हणजे पंचवटीतल्या पुरोहितांच्या एका संस्थेचे चिटणीस. बँकेतून निवृत्त झालेले. दोन आकडे जुळले नाहीत की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या संस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी बाहेरून बघते. ईमेल, बॅकअप, क्लाउड, सगळं.

"गायब म्हणजे?"

"तुमचा तो स्टोरेज रिपोर्ट उघडलाय. चाळीस नावांपुढे शून्य. खाली परत तीच चाळीस नावं, बऱ्याच जणांपुढे आकडा, काहींपुढे काहीच नाही. आणि संस्थेची एकूण बेरीज मात्र जिथल्या तिथे! हा काय प्रकार आहे?"

मला हसू आलं. शनिवारी आम्ही संस्थेचं डोमेन बदललं होतं. डोमेन म्हणजे ईमेल पत्त्यात ॲटच्या खुणेनंतर येतं ते नाव. संस्थेचं नाव नोंदणीत बदललं, म्हणून पत्त्यातही बदलायचं होतं. माणसं तीच, फाइली त्याच, फक्त पत्त्याचा मागचा भाग नवा. पण रिपोर्ट माणसाला ओळखत नाही, पत्त्याला ओळखतो. जुना पत्ता एक माणूस, नवा पत्ता दुसरा. शिवाय हा रिपोर्ट ताजाही नसतो, दोन-तीन दिवस मागे चालतो.

"बुधवारपर्यंत थांबा. आपोआप जुळेल," मी म्हणाले.

"गुरुवारी कार्यकारिणीची बैठक आहे. तोपर्यंत जुळलं नाही तर तुम्हीच येऊन सांगा सगळ्यांना."

फोन ठेवला आणि मी रिपोर्ट उघडला. नुसती धास्ती नको म्हणून. जुनी यादी आणि नवी यादी एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लावली, पत्त्यांचे मागचे भाग छाटले आणि पुढच्या नावावरून जोड्या लावल्या. सदतीस जोड्या जुळल्या. तीन खाती रिकामी होती. त्यातलं एक दिनकर गुरुजींचं होतं, आणि तिथे माझं हसू गेलं.

का ते सांगते. या संस्थेच्या क्लाउडवर नामावळीच्या वह्यांचे फोटो आहेत. लांबून लोक गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, विधी करायला येतात, तेव्हा त्यांचे ठरलेले उपाध्याय त्या घराण्याची नावं वहीत लिहून घेतात. कोण आलं, कोणासाठी आलं, बरोबर कोण होतं, खाली सही. पुढे नातू आला की त्याला आजोबांची सही काढून दाखवतात. सही बघून धाय मोकलून रडणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत.

प्रत्येक उपाध्याय घराण्याची गावं वेगळी, यजमान वेगळे. आपली वही दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा दंडक. त्यामुळे स्कॅनिंगच्या वेळी सगळ्यांनी एकच अट घातली. ज्याची वही त्याच्याच खात्यात राहील, सगळ्यांच्या मिळून जागेत काही ठेवायचं नाही. क्लाउडमध्ये सामायिक कपाटं करता येतात. त्यातलं सामान कोणा एका माणसाच्या नावावर मोजलं जात नाही, संस्थेच्या नावावर मोजलं जातं. पण इथे सामायिक ठेवणार कोण? म्हणून रिपोर्ट बनवतानाच मी सामायिक कपाटांचा रकाना लपवून टाकला होता. कागदावर सुटसुटीत दिसतं.

दिनकर गुरुजी सगळ्यांत शेवटी तयार झाले. त्यांच्याकडे मी तीन वेळा जाऊन बसले होते. त्यांची सगळ्यांत जुनी वही इतकी जीर्ण होती की फोटो काढताना पानांचे कोपरे हातात येत होते. काम संपल्यावर त्यांनी ते तुकडेसुद्धा गोळा केले आणि वही लाल बासनात बांधली.

"आता ही परत उघडायची नाही. उघडली की चुराच. ताई, यापुढे वही म्हणजे तुमच्याकडे आहे तीच," ते म्हणाले.

"काळजी करू नका गुरुजी. माझा शब्द," मी म्हणाले होते. असे शब्द देताना आपल्याला फार बरं वाटतं.

मंगळवारी रिकाम्या तिघांपैकी दोघांचे आकडे आले. बुधवारी सकाळी गुरुजींच्या खात्यातही आकडा आला, पण तो एवढासा होता. चार पत्रं आणि नातवाच्या मुंजीचे फोटो मावतील, एवढाच. 

मग मी लॉग उघडला. लॉग म्हणजे कोणी कधी कुठली फाइल उघडली, हलवली, काढली याची आपोआप होणारी नोंद. गुरुजींचा नवा पत्ता टाकून शोधलं. भोपळा. तारखा बदलून शोधलं. परत भोपळा. क्लाउड कंपनीच्या मदतकेंद्राशी चॅट केलं.

"कृपया बहात्तर तास थांबा," तिकडून उत्तर आलं.

"बहात्तर तास होऊन गेले."

"धन्यवाद. कृपया आणखी चोवीस तास थांबा."

लॅपटॉप फेकून द्यावासा वाटला. एक आशा होती. एकूण बेरीज कमी झालेली नव्हती, म्हणजे वही अजून कुठेतरी होती. पण 'कुठेतरी' म्हणजे कचरापेटीसुद्धा. काढून टाकलेल्या फाइलीही महिनाभर बेरजेत धरल्या जातात. महिना संपला की कायमच्या जातात. कुणाच्या हातून चुकून वही पुसली गेली असेल, तर दिवस मोजणं सुरू झालं होतं. आणि गुरुजींची कचरापेटी बघायची, तर गुरुजींनाच विचारायला हवं होतं.

मी दोनदा त्यांचा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत कापला. म्हणणार काय होते? गुरुजी, तुमच्या यजमानांच्या सगळ्या पिढ्या माझ्याकडे दिल्या होत्यात, त्या मला सापडत नाहीत?

दुपारी श्रीकांतरावांचा फोन आलाच.

"जुळलं का?"

"एक खातं राहिलंय. दिनकर गुरुजींचं."

"अरे देवा. त्यांना विचारलंत?"

"नाही."

"का?"

"भीती वाटते."

"माझीही तीच गत आहे. पण शब्द तुम्ही दिला होतात, मी नव्हता दिला. स्कूटर काढा आणि जा."

गुरुजी आता गंगेकाठचं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये राहतात. तिसरा मजला, लिफ्ट बंद. वर पोचेपर्यंत मी चार प्रकारची वाक्यं जुळवली. दार त्यांच्या सुनेने, मुग्धाने उघडलं. ती शाळेत शिक्षिका आहे, आणि गुरुजींचा लॅपटॉप तीच चालवते. गुरुजी सोफ्यावर बसून कानातलं मशीन पुसत होते. त्यांनी ते कानात घातलं आणि मला बसा म्हणाले. जुळवलेली चारही वाक्यं मी विसरले.

"गुरुजी, शनिवारी डोमेन बदललं, तेव्हापासून तुमच्या खात्यात वही दिसत नाही," मी एका दमात सांगून टाकलं.

"कशी दिसेल? शनिवारी ती तिथे नव्हतीच."

"मग कुठे होती?"

"नवीन घरी. त्याआधी गुरुवारीच नेली."

मला काही कळेना. मुग्धाने फोन काढला आणि माझाच मेसेज मला वाचून दाखवला. "शनिवारी आपण सगळे नवीन घरात राहायला जाणार आहोत. तुमचं सामान आम्ही हलवू. तुम्ही काहीही करू नका." डोमेन वगैरे शब्द नकोत, वयस्कर मंडळींना सोप्या भाषेत कळावं, म्हणून हा मेसेज मी स्वतः लिहिला होता. आणि लिहून स्वतःवर खूशही झाले होते.

"मग वही आधी नको का न्यायला?" गुरुजी म्हणाले. "आमच्यात घर बदलताना देव आणि वही आधी जातात. तेही घरातल्याच माणसाच्या हातून. या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा वही डोक्यावर घेऊन मी हे तीन जिने चढलो होतो. टेम्पो नंतर आला. टेम्पोवाल्याच्या हातात वही देतात होय?"

या गोष्टीतला टेम्पोवाला कोण, हे लक्षात यायला मला एक क्षण लागला.

"मी म्हटलं त्यांना, ताईंनी काही करू नका म्हणून लिहिलंय," मुग्धा म्हणाली. "तर म्हणाले, ते सामानाबद्दल आहे. मग मी शोधलं. नवीन कपाट करा, असं एक बटण होतं. त्याला संस्थेचं नवीन नाव दिलं, पुढे बाबांचं नाव लिहिलं. त्यात फक्त बाबा आणि मी. फोल्डर उचलून त्यात टाकला. माउसवर हात बाबांचा होता, त्यांच्या हातावर माझा. चुकलं का काही?"

तिने लॅपटॉप उघडला. लाल बासनातल्या त्या वहीची पानं एकामागून एक वर आली. तुटलेले कोपरे, मोडी अक्षरं, आडव्यातिडव्या सह्या. सगळी पानं जागेवर होती. माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

तिथेच बसून मी लॉग पुन्हा उघडला. वही गुरुवारी हलली, आणि डोमेन बदललं शनिवारी. म्हणजे ती नोंद जुन्या पत्त्यावर पडलेली असणार. जुना पत्ता टाकला. पहिल्याच ओळीत सापडली. मग रिपोर्टमधला तो लपवलेला सामायिक रकाना उघडला. त्यात एकच आकडा होता, आणि गुरुजींच्या खात्यात जेवढं कमी होतं तेवढाच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा तीन दिवस वळसा घातला होता मी.

मुग्धा चहा टाकायला गेली. गुरुजींनी विचारलं, "वही दिसत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी शंका आली. आज सकाळी खात्री झाली."

"मग सोमवारीच फोन का नाही केलात?"

"वही गेली असं तुम्हाला सांगावं लागेल म्हणून."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे ती खरंच गेली असती," ते म्हणाले, "तर ज्याची वही, त्यालाच सगळ्यांत शेवटी कळलं असतं."

मी मान खाली घातली. चहा आला तो प्यायले. निघताना त्यांनीच विचारलं, "आता ती परत हलवणार का?"

"नाही गुरुजी. घरातल्या माणसाने नेलीय. तिथेच राहू दे."

गुरुवारच्या बैठकीत रिपोर्ट शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. श्रीकांतरावांनी दोनदा बेरीज करून बघितली आणि मगच सही केली. एका सामायिक कपाटाबद्दल कुणीतरी विचारलं. "ते आमचं आहे, उघडायचं नाही," असं म्हणून गुरुजींनी विषय संपवला.

आता मी रिपोर्टमधला कुठलाही रकाना लपवत नाही. डोमेन बदललं की लॉग दोन्ही पत्त्यांवर शोधते. सूचना लिहिताना घर, सामान, टेम्पो काही आणत नाही, डोमेनला डोमेनच म्हणते. आणि एखाद्याची वस्तू दिसेनाशी झाली, तर एक्सेल उघडण्याआधी त्याला फोन लावते. भीती अजूनही वाटते. पण घंटा वाजू देते.