सायकल शेडचा स्लॅब

बारा वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही प्रोफेसर बसवंत घाडींविषयी मल्हाररावांना फार थोडं ठाऊक होतं. घरी कोण कोण, लग्न का केलं नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

घाडी चोपन्न साली बंगळूरच्या एका कॉलेजात स्थापत्य शिकवायला आले. त्यांचं खानापूर तेव्हा मुंबई राज्यात. पुढे ते म्हैसूर राज्यात आलं, तरी कॉलेजात घाडी ‘बॉम्बेवाला’च राहिले. मल्हारराव तिथेच ड्रॉइंग शिकवत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्याच बसवनगुडीतलं.

पहिल्याच वर्षी घाडींनी विद्यार्थ्यांकडून सायकल शेडचा स्लॅब घालून घेतला. दमट मुलखात वाढलेला माणूस. इथला गारवा बघून त्यांना वाटलं, काँक्रीट आपसूक ओलं राहील. पाणी मारण्याकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. पण इथला वारा गार असला तरी कोरडा. स्लॅबला आरपार भेगा गेल्या.

प्राचार्य म्हणाले, "वरून गिलावा मारून टाका. तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे, घाडी. बोभाटा कशाला?"

"चूक माझी आहे, सर. मुलांनी ती बघितलीय. गिलावा मारला तर मुलं तेवढंच शिकतील."

त्यांनी स्लॅब फोडला आणि पुन्हा घातला. त्यावर गोणपाटं अंथरली आणि रोज, रविवारीसुद्धा, शिडीवरून घागरी चढवल्या. खाली पोरं हसत उभी असत.

मल्हाररावांना बघवेना. "अण्णा, स्वल्प बसा की. तुम्ही प्रोफेसर की पाणक्या?"

"हा स्लॅब वाळला तर दोन्ही नाही," घाडी म्हणाले आणि पुढची घागर मागितली. ती मल्हाररावांनीच उचलून दिली.

त्या वर्षी घाडींना कायम केलं नाही. पुढच्याही नाही. ते शिकवत राहिले. तिसऱ्या वर्षी कायम केल्याचा कागद आला, तेव्हा ते वर्गाला घेऊन त्याच शेडखाली उभे होते. छताकडे बोट दाखवून आधी स्वतःची चूक सांगायची, मग धडा. दर वर्षीची सुरुवात अशीच.

सहासष्ट साली ते निवृत्त होऊन गावी निघाले. घोड्याचा जटका दाराशी उभा होता. मल्हाररावांनी नुकताच पडवीवर स्लॅब घातला होता. घाडींनी पिशवी खाली ठेवून वर बघितलं.

"गोणपाट भिजवलंत का?"

"सकाळीच भिजवलं, अण्णा."

"संध्याकाळी परत."

"सरी, भिजवतो," मल्हारराव म्हणाले.