माझी सायकल, मामांचं लिंबू

काल आयुधपूजेला माझी जाम फजिती झाली... म्हणजे होता होता राहिली. आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. इथे चेन्नईत त्या दिवशी अवजारांची आणि वाहनांची पूजा करतात, आणि एकदा पूजेत ठेवलेलं अवजार दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलायचं नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मी घरीच बनवलेली इलेक्ट्रिक सायकल तुम्ही फोटोत पाहिली आहेच. साधी काळी सायकल, मागच्या चाकात हब मोटर, पेटीत तीन बॅटऱ्या. शिक्षणाने मी कॉमर्सचा... सोल्डरिंग बोटं भाजून घेत शिकलो. पण वायरिंग असं केलंय की कुणीही यावं आणि खोट काढून दाखवावी! दर रविवारी स्पोक वाजवून ताण बघतो, कनेक्टर पुसतो. नंगनल्लूर ते गिंडी, रोज ऑफिसला हीच स्वारी.

दुखणं एकच, चार्जिंग. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज संध्याकाळी ती पेटी उचलून जिना चढायचा... कंबरेने कधीच राजीनामा दिलाय. आणि खाली पोर्चमध्ये घरमालकांचा प्लग पॉइंट कुलूपबंद डबीत नुसता धूळ खात पडलेला.

घरमालकांना आम्ही मामा म्हणतो, त्यांच्या बायकोला मामी. मामांचं मत ठाम होतं, "सार, प्लग वाहनाला देईन. खेळण्याला नाही." परवा मात्र स्वतःहून म्हणाले, "पूजेला आणा खाली. लिंबावरून मोटरवर गेली, तर वाहन. पेडल मारायचं नाही हं!"

इथे पूजा झाली की चाकापुढे लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून नेतात. दृष्ट निघते म्हणे. माझी दृष्ट त्या प्लगवर होती.

काल सकाळी नाहून सगळी अवजारं देवापुढे मांडली. पाने नंबरवारीने, पक्कड, कटर, सोल्डरिंग आयर्न, मधोमध मल्टीमीटर. मामी बघायला वर आल्या आणि म्हणाल्या, "रोंब अळगा इरुक्कु!" फारच सुंदर, म्हणजे. मी आपली विनयाने मान हलवली.

त्याआधी बायकोने, स्वातीने, सायकलच्या हँडलला शेवंतीचा हार घातला होता. लोंबता हार चाकात गेला तर? असला ढिसाळपणा मला चालत नाही. केबल टाय घेऊन दोन्ही टोकं हँडलला अशी करकचून बांधली की पाकळी हलणार नाही.

मग पोर्चमध्ये सगळे जमले. मामांची जुनी कार पुढे सरकली... पचक. पहिल्या मजल्यावरच्यांची स्कूटर... पचक. माझ्या चाकापुढे मामांनी स्वतः वाकून लिंबू ठेवलं. मी ऐटीत बसलो, एक पाय जमिनीला टेकवून थ्रॉटल पिळला.

काही नाही.

बॅटरीचे तिन्ही दिवे हिरवे... आणि मोटर मौनव्रतात. पुन्हा पिळला. लिंबू माझ्याकडे बघतंय, मी लिंबाकडे.

"एन्न सार, करंट कट्टा?" मामांनी विचारलं. काय साहेब, वीज गेली का, म्हणजे. स्कूटरवाले फिस्सकन हसले.

डोक्यात चक्र सुरू. कंट्रोलर उडाला? थ्रॉटलची वायर तुटली? दोन मिनिटांत शोधलं असतं, पण मल्टीमीटर वर देवापुढे कुंकू लावून बसलेला! मी जिन्याकडे वळलो, तर स्वाती आडवी.

"अहो, उद्या. आज हात लावायचा नाही."

"अगं, मल्टीमीटर काही शस्त्र नाही!"

"मग सकाळी मधोमध कशाला बसवलात?"

परत येऊन सायकलपुढे उभा राहिलो, हात रिकामे. मला आठवतच नाही, मी माझ्या सायकलकडे याआधी नुसतं बघितलं होतं कधी.

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या मामी कौतुकाने म्हणाल्या, "तो लाल दिवा छान आहे. कारसारखा!"

लाल दिवा? तो तर ब्रेक लाइट. ब्रेक दाबला की लागतो... आणि ब्रेक दाबला की मोटर बंद होते. दोन्हीचा स्विच एकच, ब्रेकच्या लिव्हरमध्ये. मीच जोडलेला. पण ब्रेक दाबलाय कुणी?

पाकळ्या बाजूला केल्या. माझ्या त्या करकचून बांधलेल्या केबल टायने हँडलबरोबर लिव्हरही आवळली होती!

केबल टाय सुटत नाही, कापावाच लागतो. कटर पूजेत. मामींकडे सुरी मागितली... सुरी, कात्री, विळी, सगळं पूजेत. मग काय, वाकलो आणि दातांनी कुरतडायला लागलो. तोंडात प्लास्टिक कमी, शेवंती जास्त.

"दात पूजेत ठेवायचे राहिले वाटतं," स्वाती म्हणाली.

कट्ट... टाय तुटला, लाल दिवा विझला. पाकळ्या थुंकत थ्रॉटल पिळला आणि सायकल सुळ्ळकन निघाली. लिंबू असं फुटलं की पिचकारी थेट मामांच्या नव्याकोऱ्या वेष्टीवर, म्हणजे पांढऱ्याशुभ्र धोतरावर.

मामांनी डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं, तोंडाला चिकटलेल्या पाकळीकडेही पाहिलं. मग आत गेले आणि प्लग पॉइंटच्या डबीची किल्ली घेऊन आले.

"वाहन," एवढंच म्हणाले.

आज विजयादशमी. सायकल खाली पोर्चमध्ये चार्ज होतेय, कंबर वर आरामात आहे. अवजारं पूजेतून उचलताना मनात आलं, काल ही हाताशी असती तर मी चांगला कंट्रोलर उघडून त्याचे तुकडे टेबलावर मांडले असते. इतकी वर्षं वाटायचं, त्या दिवशी विश्रांती अवजारांना असते... यंत्रांनाही असते की. माझ्यासारख्यांपासून!