चावीवाले नाचणे

महिपत नाचणे एकतीस वर्षं बँकेत होते, आणि त्या एकतीस वर्षांत रबरी शिक्क्यापेक्षा जड अवजार त्यांनी हातात धरलं नव्हतं. ओढा मात्र लहानपणापासून यंत्रांकडे. मॅट्रिक झाल्यावर आयटीआयला जायचं त्यांच्या मनात होतं. पण वडिलांचा जन्म परळच्या गिरणीत गेलेला. मुलाच्या नखांत तरी वंगण जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला कॉमर्सला घातलं. मुलगा कारकून झाला, वडील धन्य झाले, आणि मुलाची नखं एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत स्वच्छ राहिली.

दोन हजार एक साली बँकेने स्वेच्छानिवृत्ती काढली, तेव्हा शाखेतून पहिला अर्ज नाचण्यांचा गेला. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता ते त्यांनी उघडलं. ते पुन्हा कधी चाललं नाही, पण का चालत नाही ते त्यांना नेमकं सांगता येत असे.

घर भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवर, श्रीनिधी सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर. वर लगेच गच्ची. स्वयंपाकघराला लागून चार फूट रुंदीची बाल्कनी होती. तिथे मनोरमाबाईंच्या पापड-कुरडया वाळत. निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात पापड गच्चीवर गेले आणि बाल्कनीत एक टेबल, टेबलाला पक्का आवळलेला, वस्तू घट्ट धरणारा व्हाइस, ड्रिल मशीन, सोल्डरिंग आयर्न आणि नटबोल्टांनी भरलेल्या मुरांब्याच्या बरण्या आल्या. मुरांबा कुठे गेला, हे मनोरमाबाईंनी विचारलं नाही. नवऱ्याने आयुष्यभर दारू-सिगारेटला हात लावला नव्हता. त्याचं व्याज कधीतरी द्यावं लागणार, हे त्या जाणून होत्या.

पहिलं यंत्र ताक घुसळण्याचं. त्याच्या मोटरीत जोर इतका की पहिल्याच दिवशी ताक छताला लागलं आणि लोणी मनोरमाबाईंच्या केसांतून काढावं लागलं. दुसरं तुळशीला वेळेवर पाणी घालणारं. त्याने इतक्या निष्ठेने पाणी घातलं की तुळस आठवड्यात कुजली. नवीन रोप आणायला निघताना मनोरमाबाईंनी चप्पल जरा आपटून घातली.

मग आला पाण्याचा प्रश्न, आणि नाचण्यांना वाटलं, आपल्या हातांना अखेर योग्य काम मिळालं.

श्रीनिधीत पाणी कधी येईल, हे कुणालाच ठाऊक नसे. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत येई तेव्हा येई. मग पंप चालवून रामू ते गच्चीवरच्या टाकीत चढवी आणि टाकी भरली की मजल्यांना सोडी. रामू हा सोसायटीचा वॉचमन, पंपवाला, झाडूवाला, सगळं काही. चेण्याहून सायकलने येई. गच्चीवरून प्रत्येक मजल्याला वेगळा पाइप होता आणि त्याला वेगळी चावी. पाचही चाव्या उघडून रामू वरूनच एक हाळी देई. ती ऐकू आली तर आली. कधी सकाळी सहाला, कधी दुपारी दोनला. मनोरमाबाई नळ उघडा ठेवून त्याखाली स्टीलचं ताट पालथं घालत. पाणी पडलं की ताट वाजे. पद्धत उत्तम होती, पण त्यासाठी दिवसभर कुणीतरी ताटाच्या हाकेच्या अंतरात असावं लागे. त्यांना बहिणीकडे बोरिवलीला जायचं झालं, तरी नळाची परवानगी काढावी लागे.

नाचण्यांनी पावडरच्या रिकाम्या डब्यात एक छोटं यंत्र बसवलं. त्याच्या दोन तारा नळाखालच्या वाटीत सोडायच्या. वाटीत पाणी आलं की सर्किट पूर्ण होई आणि चिमणीच्या आवाजाची बेल वाजे. आवाज जिन्यापर्यंत जाई. वाजली की मनोरमाबाई शेजारच्या घरातूनही धावत येत आणि इतरांना पत्ता लागायच्या आत त्यांची पिंपं भरलेली असत. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्या अठ्ठावीस वर्षांत प्रथमच मनोरमाबाई आपल्या नवऱ्याबद्दल बाहेर चांगलं बोलल्या.

तिथेच घोळ झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या नीलमला त्यांनी कौतुकाने चिमणी दाखवली. नीलमने एक मागितली. मग तिच्या समोरच्यांनी मागितली. सेक्रेटरी हितेशभाई शाह पहिल्या मजल्यावर राहत. ते स्वतः वर आले, बाल्कनीतला पसारा बघून म्हणाले, ‘नाचणेभाई, आप तो सायंटिस्ट निकले.’ बँकेत एकतीस वर्षांत मॅनेजरने त्यांना नावानेसुद्धा हाक मारली नव्हती. नाचण्यांनी महिनाभर खपून सगळ्या वीस घरांना एकेक चिमणी बसवून दिली आणि प्रत्येकाला स्वतः प्रात्यक्षिक दाखवलं.

त्यानंतर रामूने चाव्या उघडल्या की एकाच मिनिटात वीस चिमण्या ओरडत आणि वीस घरांतले सगळे नळ पूर्ण उघडले जात. पूर्वी निम्मे लोक झोपलेले किंवा बाजारात असत म्हणून उरलेल्यांना पाणी मिळे. आता सगळेच जागे. पाणी खालच्या मजल्यांकडे आधी धावतं, हा साधा नियम. बारा मिनिटांत टाकी रिकामी होई आणि चौथ्या मजल्याच्या नळातून सुरुवातीला दोन बादल्या पाणी आणि नंतर नुसती हवा येई. चिमणी मात्र वाटीत तेवढं पाणी असल्यामुळे ओरडतच राही.

मनोरमाबाईंनी एके दिवशी तारा काढून ठेवल्या आणि तळमजल्यावरून कळशी भरून आणली. जिन्यात भेटेल त्याला त्या सांगत होत्या, आमच्याकडे शास्त्रज्ञ आहेत ना, म्हणून पाणी खालून आणावं लागतं.

दुसरा कुणी असता तर त्याने वीस चिमण्या परत मागितल्या असत्या. नाचण्यांनी उलट विचार केला: दोष चिमणीचा नाही, चावीचा आहे. माणसाने चावी उघडली की पक्षपात आलाच. तो होतही होता. ज्या मजल्यावरून रामूला चहा मिळे, त्या मजल्याची चावी जरा उशिरा बंद होई, अशी तक्रार दर सभेत असे. तक्रार करणारेही त्याला चहा देत. ती गोष्ट वेगळी. यंत्राला चहा लागत नाही.

पुढचे तीन महिने नाचणे काशीमिऱ्याच्या भंगारवाल्यांकडे पडीक होते. तिथून त्यांनी मोडीत निघालेल्या गाड्यांच्या काच पुसणाऱ्या वायपरच्या पाच मोटरी आणल्या. एकेक मोटर एकेका चावीच्या दांड्याला जोडली. बिस्किटांच्या डब्याच्या गोल झाकणाला खाचा पाडून ती चकती तासाला एक फेरा घेईल अशी बसवली. खाच आली की एक चावी बंद, दुसरी सुरू. प्रत्येक मजल्याला बारा मिनिटं, पाच मजल्यांना एक तास. वीज गेली तरी अडू नये म्हणून बॅटरी. पहिल्या चाचणीत चौथी चावी उलटी फिरली आणि सगळी गच्ची धुतली गेली. नवव्या चाचणीत सगळं जुळलं. त्या दिवशी नाचण्यांची नखं इतकी काळी होती की मनोरमाबाईंनी त्यांना जेवायला चमचा दिला.

सोसायटीची सभा खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर झाली. कोणत्या मजल्याला पहिला नंबर, यावर दीड तास वाद झाला. शेवटी नंबर रोज एकाने पुढे सरकेल अशी सोय नाचण्यांनी कबूल केली आणि यंत्र एकमताने मंजूर झालं. रामूला विचारायचं कुणाला सुचलं नाही. नाचण्यांनी मात्र त्याला गच्चीवर नेऊन सगळं समजावून सांगितलं. रामूने चकती फिरताना बघितली, मोटरी ऐकल्या.

‘चांगलं हाय,’ तो म्हणाला. ‘पन सायेब, मशीनला पावनं कलत न्हाय.’

नाचण्यांना ते बोलणं अडाणीपणाचं वाटलं. न्यायाला पाहुणे कशाला कळायला हवेत?

तीन आठवडे श्रीनिधीत रामराज्य होतं. प्रत्येक घराला बारा मिनिटं, ना एक कमी ना एक जास्त. भांडायला कारण उरलं नाही. हितेशभाई पाहुण्यांना लिफ्ट नसलेल्या इमारतीची गच्ची चढून यंत्र दाखवायला नेत. मनोरमाबाईंनी पापड वाळवायची जागा गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवली आणि तेही तोंड वाकडं न करता.

चौथ्या आठवड्यात नीलमच्या घरी बारसं आलं. घरात तीस माणसं, आणि पाणी बारा मिनिटांचं. ती नाचण्यांकडे आली आणि म्हणाली की काका, आजच्या दिवस पाच मिनिटं वाढवा. नाचण्यांनी तिला नियम समजावला. यंत्र कुणासाठी थांबत नाही, हीच त्यातली खुबी. नीलम ऐकून घेऊन निघून गेली. त्या दिवशी बारशाच्या पंगतीची भांडी दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच पडली, आणि बारशाचा पेढा चौथ्या मजल्यावर फक्त नाचण्यांच्या घरी आला नाही.

मनोरमाबाईंनी त्या रात्रीचं जेवण वाढलं. भात वाढताना एवढंच म्हणाल्या, ‘अहो, रामूला हे सांगावं लागलं नसतं.’

पुढच्या आठवड्यात हितेशभाईंच्या आईला इस्पितळातून घरी आणलं. म्हातारीचे कपडे दिवसातून चारदा धुवावे लागत. हितेशभाई सेक्रेटरी, यंत्राचे पहिले समर्थक. त्यांनी मागितलं नाही. त्यांची बायको हंसा मात्र जिन्यात नाचण्यांना भेटली, मान खाली घालून उभी राहिली आणि काही न बोलताच खाली गेली. नाचणे घरी आले, थोडा वेळ बाल्कनीत बसले, मग पक्कड घेऊन गच्चीवर गेले. पहिल्या मजल्याची पाळी संपायच्या आधी त्यांनी चकती बोटाने धरली आणि मनात दहापर्यंत दहा वेळा मोजलं.

ही गोष्ट कुणालाच कळायला नको होती. पण दुसऱ्या मजल्याचं पाणी पावणेदोन मिनिटं उशिरा आलं, आणि जिथे सगळ्यांना मिनिटं पाठ झाली होती तिथे पावणेदोन मिनिटं लपत नाहीत. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भांडायला आले, असं नाचण्यांना वाटलं. ते भांडायला नव्हे, मागायला आले होते. एकाच्या घरी गावाहून माणसं यायची होती, दुसऱ्याच्या मुलीला कांजिण्या झाल्या होत्या.

दिवाळीपर्यंत नाचण्यांच्या दाराशी रोज कुणी ना कुणी उभं असे. यंत्राला सांगता येत नव्हतं म्हणून सगळे यंत्रवाल्याला सांगत. नाचण्यांनी आधी एक बटण बसवलं, मग मजल्यागणिक पाच. शेवटी मोटरींच्या कटकटीपेक्षा हाताने चावी फिरवणं सोपं म्हणून पाचही दांडे मोकळे केले. पाणी चढलं की स्वतः गच्चीवर जायचं, शेजारी घडी केलेला कागद, त्यावर त्या दिवसाच्या अडचणी. रामू पंप सुरू करून वर येई, टाकीच्या सावलीला बसे आणि बिडी ओढत त्यांना शिकवी. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली बाई कधी मागत नाही, पण तिच्याकडे सासऱ्याचं आजारपण आहे, तिला दोन मिनिटं न सांगता द्यायची. तळमजल्यावरचा गृहस्थ रोज पाहुणे आहेत म्हणतो, त्याच्याकडे कुणी येत नाही. नाचणे हे सगळं कागदावर टिपून घेत. त्यांना आश्चर्य वाटत असे. दहा वर्षं ते या इमारतीत राहत होते आणि एका मजल्याचीही त्यांना खबर नव्हती.

मार्चमधल्या वार्षिक सभेत यंत्राबद्दल ठराव आला. ते काढून टाकावं असं एकही माणूस म्हणाला नाही. उलट ते सोसायटीचं भूषण आहे, असं एकमताने ठरलं. फक्त ते ‘परिस्थितीनुसार’ चालवावं आणि परिस्थिती श्री. नाचणे यांनी ठरवावी. हितेशभाईंनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. नाचण्यांना हार घातला. ज्या माणसाने चावीपाशी माणूस उभा राहू नये म्हणून तीन महिने घालवले, तो आता ठराव करून चावीपाशी उभा केला गेला होता, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं, हे पाहून मनोरमाबाईंना हसू आलं.

यंत्राची कीर्ती मात्र नवघर रोडभर पसरली. बाहेरचे लोक बघायला आले की नाचणे दांडे जोडून ते तासभर चालवून दाखवत. असेच एकदा पलीकडच्या एकशेबारा घरांच्या सोसायटीचे तिघे आले. त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनीअर होता. नाचण्यांनी त्याला सगळे आराखडे दिले, बिस्किटांच्या डब्याऐवजी काय चालेल तेही सांगितलं. चार महिन्यांत त्यांनी तसंच पण स्टीलचं, चकचकीत यंत्र बसवलं. त्याला कुलूपबंद पेटीसुद्धा होती.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे चेअरमन पुन्हा आले. चहा घेता घेता म्हणाले की यंत्र झकास चालतं, एक मिनिट चुकत नाही. मग कप खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं की ते सांभाळायला जरा समजूतदार माणूस मिळेल का.

नाचण्यांनी रामूचं नाव सांगितलं. रामूला तिथे पगार जास्त होता, राहायला खोली होती आणि सकाळी चेण्याहून सायकल हाकायला लागणार नव्हती. जाताना तो गच्चीवर येऊन गेला. दुसऱ्या मजल्याची चावी थंडीत अडते, तिला आधी उलटा हिसका द्यायचा, एवढं सांगून गेला.

श्रीनिधीत नवीन वॉचमन आला, पण त्याला मजल्यांची काही माहिती नव्हती आणि त्याला सांगणार कोण? तेव्हा पंपही नाचणेच चालवू लागले. पाणी दुपारी आलं की सदऱ्याच्या बाह्या वर करून ते गच्चीवर जात. एकदा मनोरमाबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. बोरिवलीची बहीण मुलं घेऊन येणार होती, तर आज पाच मिनिटं जास्त सोडा, असं त्यांनी सांगितलं.

नाचण्यांनी कागद बघितला. तळमजल्यावर खरोखरच पाहुणे आले होते.

‘दोन मिनिटं देतो,’ ते म्हणाले, आणि चावीकडे वळले.