गाय उठते कशी

पशुविज्ञानाची पदवी मिळाली आणि पुढचं वर्षभर मी एकच काम केलं: मी डॉक्टर नाही, हे लोकांना समजावत राहिले. कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, शिवाजीनगर भागात, घरचं बिजागऱ्या-कड्याकोयंड्यांचं दुकान. दुकानात आलेलं गिऱ्हाईक खिळे घेता घेता कुत्र्याच्या खरजेवर औषध विचारायचं.

"मी डॉक्टरकी नाही शिकले, अण्णा. जनावरांचं खाणं, राहणं, पैदास, हे शिकले."

"मग जनावर आजारी पडलं तर काय करशील?"

"डॉक्टरला बोलवेन."

माणसं हसायची. मीही हसायचे. पण पशुवैद्यकीची जागा माझी थोडक्यात हुकली होती, आणि ही पदवी म्हणजे त्या हुकण्याची पावती, असं मला आतून वाटत असे. पशुखाद्याच्या एका कंपनीने मुलाखतीत विचारलं, "खेडोपाडी एकटी फिरशील?" मी हो म्हटलं, पण त्यांनी बोलावलं नाही.

शेवटी शहरातच, हेब्बाळला, एका लहानशा कंपनीत काम मिळालं. गायीच्या पायाला बांधायचा पट्टा ते बनवत. गाय किती वेळ उभी, किती वेळ बसलेली, हे त्यावरून पडद्यावर रेघेच्या रूपात दिसे. मी दिवसभर त्या रेघा तपासायचे. बाकीची मंडळी पुण्या-नागपुराहून आलेले इंजिनिअर. हुशार आणि मनमिळाऊ, पण गाय त्यांनी रस्त्यातच काय ती पाहिलेली.

एके दिवशी एक रेघ खाली येईचना. के. आर. पुरमच्या पलीकडच्या गोठ्यातली एक गाय जवळपास बसतच नव्हती.

"पट्टा बिघडलाय. बदलून येतो," नागपूरचा इंजिनिअर म्हणाला.

"मीपण येते," मी म्हटलं. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. चार महिने मी गायी नुसत्या रेघांतच पाहत होते.

गोठा साठीच्या एका बाईंचा होता. नऊ गायी, सगळ्या दावणीला बांधलेल्या. "डॉक्टर दोनदा येऊन गेले," त्या कानडीत म्हणाल्या. "रोग काही नाही म्हणतात. पण दूध आटत चाललंय. आता विकायचीच."

इंजिनिअरने पट्टा बदलला आणि गाडीची किल्ली काढली. मी त्याला म्हटलं, "तू चहा पिऊन ये. मी जरा बसते."

एक बादली पालथी घालून मी कोपऱ्यातल्या त्या गायीसमोर बसले. दुपारची वेळ. बाकीच्या गायी एकेक करून बसल्या, डोळे मिटून रवंथ करू लागल्या. हिने गुडघे वाकवले, जमीन हुंगली आणि परत सरळ उभी राहिली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र पाय थकले असावेत, धपकन बसली. घटकाभराने उठायला गेली आणि तिचं डोकं समोरच्या भिंतीवर आपटलं. तो आवाज ऐकून मीच दचकले.

"अक्का, ही भिंत कधी बांधली?"

"उगादीच्या सणानंतर. हिच्याच पुढ्यात चाऱ्याची खोली केली ना."

गाय उठताना आधी मागचे पाय उचलते, आणि त्यासाठी तिला मान पुढे झोकावी लागते. पुढे हातभर मोकळी जागा नसेल तर उठता येत नाही. उठता येत नाही हे एकदा कळलं, की ती बसायलाच भिते. वर्गात हे आम्हाला एका कंटाळवाण्या तासाला शिकवलं होतं. फळ्यावरच्या गायीची आकृती मी वहीत उतरवून घेतली होती, आणि परीक्षेत तो प्रश्न आला नाही म्हणून विसरूनही गेले होते.

मी अक्कांना सांगितलं, हिची जागा बदला. इथे लहान कालवड बांधा.

"एवढंच? इंजेक्शन नाही?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "सरी, बरं," म्हणाल्या, "स्वल्प दिवस बघते."

तिसऱ्या दिवशी पडद्यावरची रेघ खाली आली आणि बराच वेळ खालीच राहिली. मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. एक गाय बसली होती, एवढंच घडलं होतं, पण मी तिथून थेट साहेबांच्या खोलीत गेले.

मला गोठ्यांवर पाठवा, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, "आपण पट्टे विकतो, गोठे नाही." त्यांच्या जागी ते बरोबरच होते. अक्कांनी मात्र दूध घालायला जाताना चार जणींना सांगितलं, त्यांतल्या दोघींनी मला बोलावलं. पुढे त्यांच्याच दूध संकलन केंद्राने मला कामाला घेतलं, आणि मी कंपनी सोडली. आता मी गोठे पाहते: उतार, ओल, सावली, पाण्याची जागा.

पहिल्या उत्साहात मी एकदा सपशेल तोंडघशी पडलेही. एका गोठ्यात लंगडणाऱ्या गायीसाठी फरशी उखडायला सांगितली. पण तिला खूर सडवणारा जंतुसंसर्ग झाला होता. उपचाराला उशीर झाला, गायीने महिनाभर भोगलं. डॉक्टरांनी मला तिचा खूर उचलून दाखवला. तेव्हापासून मी सगळ्यात आधी खूर बघते. शंका आली की डॉक्टरांना फोन करते, आणि ते येईपर्यंत गायीपाशी थांबते.