खालचा सूर

चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, घेताना संचालकांनी विचारलं होतं, "नोट्स वाचता येतात ना?" आणि मी जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो हो, म्हणून मोकळी झाले. साफ खोटं! पुण्यात बारा वर्षं गाणं शिकले, पण सगळं बाईंच्या तोंडून, कानाने. त्या पाच रेघांवरचे काळे ठिपके मला मुंग्यांसारखे दिसायचे.

पण जर्मनीत हॅनोव्हरला येऊन वर्ष झालं होतं. नवरा पीएचडीत बुडालेला. आठवड्यात त्याच्याशिवाय कुणी माझ्याशी दोन शब्द बोलत असेल, तर ते मंगळवारी संध्याकाळी, चर्चच्या त्या हॉलमध्ये. तेही गेलं असतं तर मला वेड लागलं असतं, खरंच सांगते.

त्या हिवाळ्यात एका इंग्रज संगीतकाराची गाणी बसवत होतो. फुलांवरच्या इंग्रजी कविता, चार आवाजांत बांधलेल्या, प्रत्येक आवाजाची चाल वेगळी. कळी उमलायची ओळ आली की चारही सूर असे हळूच वेगळे व्हायचे, अंगावर काटा यायचा. मी खालच्या सुरातल्या बायकांत. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या जर्मन आजी गायच्या, मी केसभर मागून तेच गायचे आणि घरी येऊन ठिपक्यांखाली पेन्सिलीने सा रे ग म लिहून ठेवायचे.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले आणि आजी आजारी पडल्या. नेमकं त्याच मंगळवारी संचालक म्हणाले, "आज चौघाचौघांनी गा. एका आवाजाला एकच माणूस. ज्याला जमणार नाही, तो कार्यक्रमात नसेल." डोकं दुखतंय सांगून पळावं का? पण तेवढ्यात माझा नंबर आला.

दोन ओळी कशाबशा निभावल्या. तिसरीत वरच्या आवाजाची चाल इतकी गोड, की मी आपली निघाले तिच्यामागे! आमच्याकडे चाल एकच असते हो, सगळे तीच गातात. माझ्या गळ्याला दुसरं ठाऊकच नव्हतं. वर गाणारी बाई गोंधळून थांबली.

संचालकांनी येऊन माझा कागद उचलला. "हे काय लिहिलंय?"

मी सगळं सांगून टाकलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतं मला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "नाइन."

मी कोट घ्यायला वळले. रडू आवरत नव्हतं.

"कुठे निघालात? या अक्षरांवरून गा. एकट्या. चुकलात तर मग जा."

डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं दिसेनात. शेवटी डोळे मिटले आणि सा लावला. तिसरी ओळ आली तशी संचालकांनी त्या बाईला खूण केली असावी, कारण ती अगदी माझ्या कानाशी येऊन तिची गोड चाल मोठ्याने गायला लागली. पण मी माझ्या खालच्या सुरावरून हलले नाही.