वीसपैकी दोन

सोमेश्वर सरांनी हिंगोलीच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे एकाच वहीतून उतरवून दिलं. जगाच्या मुळाशी चैतन्य मानणाऱ्या जर्मन चिद्वाद्यांचा स्मृतीवरचा धडा तर ते डोळे मिटून सांगत: माणूस पाहिलेलं आधी आत घेतो, मग त्याला नाव देतो, मग नावं पाठ करतो, पाठ करता करता शब्द पोकळ होतात आणि त्या पोकळीतच विचार उभा राहतो. तो कसा, हे कुणी विचारलं नाही. सरांनाही ठाऊक नव्हतं.

काही वर्षांपूर्वी बंजारा तांड्यावरच्या पुजानं मात्र परीक्षेत स्वतःचंच लिहिलं: आमच्यात सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत निरोपाचं गाणं, ढावलो, गाते. आईनं मला तो लहानपणीच पाठ करवला, नुसते शब्द. ताईच्या लग्नात ते ऐकले आणि एकाएकी कळले.

सरांनी तो पेपर वर्गात मोठ्यानं वाचला. "रडगाणं लिहून राहिली ही!" वर्ग खदखदून हसला. वीसपैकी दोन.

यंदा निवृत्तीच्या भाषणासाठी सरांनी त्या धड्याचं मूळ पुस्तक पहिल्यांदाच पुरतं वाचलं आणि त्यांना पुजाचा पेपर आठवला. पाठ केलेल्या पोकळ शब्दांतच अर्थ उभा राहतो, हेच तर तिनं लिहिलं होतं. पोरीचं बरोबर होतं.

आठवड्यानं तीच हळदीची पिशवी घेऊन दारात उभी. पत्नी शिवकन्याबाई जिच्याकडून वर्षाची हळद घेत, तिची ही सून निघाली.

"सर! वळखलं का? तुमच्या नोट्स अजून पाठ हायेत." पिशवी खाली ठेवून तिनं धडा घडाघडा म्हणून दाखवला. कुठं अडखळली नाही.

"बघा, किती हुशार!" शिवकन्याबाई कौतुकानं म्हणाल्या. "आणि तुम्ही म्हणता पोरं लक्ष देत नाहीत."

सरांनी मान वर केली नाही. "पुजा, तुझं ते ढावलोचं उत्तर... ते बरोबर होतं. चुकलो मी."

"ते व्हय?" ती हसली. पदर उगाच नीट केला. "जाऊ द्या, सर. माझ्या लग्नात बाया म्हणल्या, गा. तोंड उघडलं, तर वर्गातलं हसणंच आठवलं. न्हाई गायले. आई लई नाराज झाली."

शिवकन्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग आत गेल्या, चहा ठेवायला.

सर म्हणाले, "बस." तिनं पायरीवरच बसकण मारली. मग तेही खुर्ची सोडून तिच्याजवळ पायरीवर बसले. पुढं काय बोलावं, ते त्यांच्या वहीत कुठंच नव्हतं.